वेड्यांच्या इस्पितळातली पोरं परीक्षेत पास झाली आणि मारिया मॉन्टेसरींना शहाण्या पोरांची काळजी वाटायला लागली

पहिलीच्या आधीच्या वर्गाला आपल्याकडे कित्येक आज्या अजूनही माँटेसरी म्हणतात. नातू कुठं जातो विचारलं तर माँटेसरीत जातो. जशी बालवाडी, जसं केजी, तसंच हे. पण माँटेसरी हे एका बाईंचं आडनाव आहे, त्या बाई इटलीच्या होत्या, पेशानं डॉक्टर होत्या आणि जवळपास अख्खं दुसरं महायुद्ध त्यांनी भारतात काढलं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला तो मात्र प्रत्येक शिक्षकाच्या रोजच्या ओळखीचा आहे.

वर्गात चाळीस पोरं. फळ्यावर गणित. बाईंनी खडू खाली ठेवायच्या आत चार जणांचं सोडवून झालेलं असतं आणि मग ती खोड्या काढत बसतात. दहा जणांना गणित कशाबद्दल आहे तेच कळलेलं नसतं, ती शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतात. मग शिक्षक काय करतो? मधल्या पोरांना धरून पुढं चालतो. कारण तास संपत आलेला असतो आणि पोर्शन पूर्ण करायचा असतो.

एकाच वर्गातल्या वेगवेगळ्या कुवतीच्या पोरांना एकच धडा कसा शिकवायचा, या प्रश्नावर मॉन्टेसरी बाईंनी जे उत्तर शोधलं ते त्यांना हुशार पोरांकडून मिळालं नव्हतं. यांना आयुष्यात काहीही येणार नाही असा शिक्का मारून ज्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, त्या पोरांकडून मिळालं होतं.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा. गाव इटलीतलं कियाराव्हाले. वडील सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई मात्र वाचनवेडी. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं.

त्या काळात इटलीतल्या मुली शिकल्याच तर शिक्षिका व्हायच्या. ही पोरगी तेराव्या वर्षी मुलांच्या टेक्निकल शाळेत गेली. आधी इंजिनीअर व्हायचं होतं, मग डॉक्टर व्हायचं ठरलं. वडिलांना ते पसंत नव्हतं. रोमच्या मेडिकल कॉलेजात मुलांच्या सोबत उघड्या प्रेताची चिरफाड करणं मुलीला शोभत नाही म्हणून सगळे गेल्यावर, संध्याकाळी, एकटीनं डिसेक्शन करायला लागायचं. प्रेतांचा वास सहन व्हावा म्हणून त्या तिथं सिगारेट ओढायच्या असं सांगतात.

१८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या महिला डॉक्टर असं त्यांच्याबद्दल सगळीकडे छापलेलं असतं, पण ते खरं नाही. त्यांच्या आधी काही बायका तिथं डॉक्टर झालेल्या होत्या. आणि आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या त्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती.

खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते.

डॉक्टर झाल्यावर त्या रोमच्या विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करायला लागल्या. त्यासाठी शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांमध्ये फेऱ्या व्हायच्या. तिथं मोठ्या माणसांच्या सोबतच लहान पोरं कोंडलेली असायची. कुणी गतिमंद, कुणाला फिट्स येणाऱ्या, कुणाला नीट बोलता न येणारं. त्या वेळच्या डॉक्टरी भाषेत या सगळ्यांना सरसकट इडियट म्हणायचे. तेव्हा ती शिवी नव्हती, केसपेपरवर लिहायचा शब्द होता.

अशाच एका ठिकाणी पोरं सांभाळणारी बाई त्यांना तक्रारीच्या सुरात सांगत होती की ही पोरं इतकी घाण आहेत की जेवण झालं तरी जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे शोधत बसतात.

मॉन्टेसरींनी खोलीभर नजर टाकली. खोलीत काहीच नव्हतं. खेळणं नाही, वस्तू नाही, हातात धरता येईल असं काही म्हणजे काही नाही. पोरं भुकेनं तुकडे उचलत नव्हती. हाताला काम म्हणून त्यांना मिळणारी ती एकच गोष्ट होती.

आता हा प्रसंग त्यांच्या शिष्यांनी पुढं पुष्कळदा सांगितला आहे आणि सांगता सांगता त्याला थोडी कल्हई झालीच असेल. पण बाईंच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज त्यात आहे एवढं नक्की. गतिमंद मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज जास्त आहे, असं त्या उघडपणे मांडायला लागल्या. एका डॉक्टरनं हे म्हणणं म्हणजे तेव्हा मोठीच गोष्ट होती.

मग त्यांनी शोधाशोध केली. या मुलांना शिकवायचा प्रयत्न आधी कुणी केलाय का? दोन फ्रेंच डॉक्टर सापडले. एक ज्याँ इतार, ज्यांनी जंगलात सापडलेल्या एका मुलाला माणसांत आणायचा प्रयत्न केला होता. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगँ, ज्यांनी गतिमंद मुलांसाठी वस्तूंमधून शिकवायची आख्खी पद्धत बसवली होती आणि जी जग विसरून गेलं होतं. मॉन्टेसरींनी या दोघांचं लिखाण स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून काढलं. त्यातलं सेगँचं पुस्तक एकटंच सहाशे पानांचं होतं.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी शाळा निघाली. तिच्या दोन प्रमुखांपैकी एक मॉन्टेसरी होत्या. शाळेला जोडून मुलांचा वर्ग होता, सुरुवातीला २२ मुलांचा. बाई सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत स्वतः मुलांमध्ये बसायच्या आणि रात्री दिवसभरात काय बघितलं ते लिहून काढायच्या.

त्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट बघा. वय ११. हातात ताकद व्यवस्थित, पण शिवणकाम काही केल्या येईना. साधं रफू करायचं, म्हणजे सुई एकदा धाग्याच्या वरून आणि एकदा खालून घ्यायची, तेही जमत नव्हतं. दुसऱ्या कुणी तेच तेच शंभर वेळा करून घेतलं असतं. मॉन्टेसरींनी सुई काढून घेतली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून. हालचाल तीच, फक्त मोठी आणि सोपी. ती पोरगी चटईत रमली. काही दिवसांनी सुई परत हातात दिली तर रफू यायला लागलं होतं.

मुलाला एखादी गोष्ट येत नाही तेव्हा तीच गोष्ट परत परत करायला लावू नये, तिच्या आधीची पायरी शोधावी, हे त्यांना इथं कळलं. मग लिहायला शिकवतानाही त्यांनी तेच केलं. पेन्सिल हातात द्यायच्या आधी लाकडी अक्षरं दिली. पोरं त्यांच्यावरून बोट फिरवायची. अक्षराचं वळण हाताला आधी पाठ झालं, पेन्सिल नंतर आली.

या वर्गातल्या काही मुलांना बाईंनी सरकारी शाळेतल्या मुलांच्या सोबत लिहिण्यावाचण्याच्या परीक्षेला बसवलं. आणि ती पास झाली.

इडियट म्हणून सोडून दिलेली पोरं नॉर्मल पोरांच्या बरोबरीनं पास झाली म्हटल्यावर रोममध्ये चर्चा तर होणारच. लोक याला चमत्कार म्हणायला लागले. बाईंना मात्र भलताच प्रश्न पडला. आपण या मुलांना फार वर नेलंय असं त्यांना वाटत नव्हतं. या मुलांना फक्त योग्य तऱ्हेनं शिकवलं होतं. मग धडधाकट, हुशार पोरं नेहमीच्या शाळेत जाऊन इतकी खाली का राहतात, की ही मुलं त्यांना गाठू शकतात?

म्हणजे ढ पोरांचं कौतुक चाललं होतं आणि बाईंना हुशार पोरांची दया येत होती.

याच काळात त्यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट घडून गेली होती, जी त्यांनी अनेक वर्षं जगापासून लपवून ठेवली.

शाळेचे दुसरे प्रमुख होते डॉ. ज्युझेप्पे मोंतेसानो. दोघांचं प्रेम होतं. ३१ मार्च १८९८ ला त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं असतं तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बाईंना काम सोडून घरी बसावं लागलं असतं. लग्न न करता मूल वाढवलं असतं तर नाव आणि काम दोन्ही गेलं असतं. मुलाला रोमबाहेर खेड्यातल्या एका दाईकडे ठेवण्यात आलं. आई अधूनमधून भेटून यायची, पण ही आपली आई आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं. १९०१ मध्ये मॉन्टेसरींनी ती शाळा सोडली.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी अकरा अकरा तास वर्गात बसणाऱ्या बाईंचं स्वतःचं मूल परक्या घरी वाढत होतं. याचा त्यांना किती त्रास झाला हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्यावर टीका करणारे हा मुद्दा हमखास काढतात. पण काढताना मोंतेसानोंचं नाव कुणी घेत नाही, ही पण एक गंमतच आहे.

साल १९०७. रोमचा सान लोरेन्झो भाग. कामगारांची गरीब वस्ती. एका बांधकाम कंपनीनं तिथल्या इमारती दुरुस्त करून भाड्यानं दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जायचे आणि शाळेत जायच्या वयाची नसलेली पोरं इमारतीत धुडगूस घालायची. भिंती खराब व्हायच्या. पोरांना एका खोलीत सांभाळणं भिंती रंगवण्यापेक्षा स्वस्त पडेल असा कंपनीनं हिशोब केला आणि मॉन्टेसरींना बोलावलं. जगातली पहिली मॉन्टेसरी शाळा अशी भिंती वाचवण्यासाठी निघाली.

६ जानेवारीला विया देई मार्सी या रस्त्यावर कासा देई बांबिनी सुरू झाली. नावाचा अर्थ मुलांचं घर. तीन ते सात वयाची पन्नास-साठ मुलं. शिकवायला ट्रेनिंग झालेली शिक्षिका नव्हती, इमारतीच्या रखवालदाराची मुलगी होती. बाईंना ते उलट बरंच वाटलं. तिला शिकवायच्या जुन्या सवयी नव्हत्या.

वर्गात त्यांनी गतिमंद मुलांसाठी तयार केलेलं साहित्य आणून ठेवलं आणि बघत बसल्या.

त्यातली एक वस्तू समजून घेण्यासारखी आहे. एक लांबट लाकडी ठोकळा. त्यात ओळीनं दहा भोकं, प्रत्येक वेगळ्या मापाचं. आणि दहा दट्टे, प्रत्येकाला धरायला छोटी मूठ. सगळे दट्टे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि परत आपापल्या भोकात बसवायचे. एक जरी चुकला तरी शेवटी एक दट्ट्या उरतो, ज्याला जागाच मिळत नाही. म्हणजे चुकलं हे बाईंनी सांगायची गरजच नाही. लाकूड सांगतं. आणि लाकूड रागावत नाही, हसत नाही आणि शेजारच्या पोराचं उदाहरणही देत नाही.

तीनेक वर्षांची एक मुलगी हे दट्टे घेऊन बसली होती. बाईंनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. तिचं लक्ष हललं नाही. ती बसली होती ती खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तिनं ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू ठेवलं. बाई मोजत होत्या. तिनं ते ४४ वेळा केलं. मग स्वतःच थांबली, आजूबाजूला बघितलं आणि छान झोप काढून उठल्यासारखी प्रसन्न दिसायला लागली.

४४ वेळा करून घ्यायचं असं कुठल्या शिक्षकाच्या टाचणात लिहिलेलं असतं? दुसऱ्या मुलीला तेच चार वेळांत पुरलं असतं. किती वेळा करायचं हे बाहेरून ठरवताच येत नाही, हे बाईंनी तिथं बघितलं.

दुसरा प्रसंग कपाटाचा. साहित्य कुलपात असायचं आणि रखवालदाराची मुलगी ते वाटायची. एक दिवस कपाट उघडं राहिलं. ती येऊन बघते तर पोरांनी आपापलं हवं ते साहित्य काढून घेतलं होतं आणि काम सुरू होतं. तिला वाटलं ही चोरी झाली, शिक्षा करायला हवी. मॉन्टेसरींना त्यात वेगळंच दिसलं. मुलांना कुठली वस्तू कुठं असते हे माहीत होतं आणि आपल्याला आत्ता काय हवंय हेही माहीत होतं. त्यानंतर कपाटं गेली आणि पोरांच्या हाताला येतील अशी बुटकी फडताळं आली.

धडा शिक्षकानं वाटायचा नाही, मुलानं उचलायचा, ही सगळी भानगड त्या उघड्या कपाटातून सुरू झाली.

मग शिक्षकाला काय काम उरलं? काम वाढलं. फक्त जागा बदलली.

मॉन्टेसरींच्या वर्गात मुख्य धडा एका वेळी एका मुलाला द्यायचा असतो आणि तो जितका छोटा तितका चांगला. शिक्षकानं कमी बोलायचं, सोपं बोलायचं आणि जी वस्तू दाखवतोय तिच्याबद्दलच बोलायचं. सेगँकडून घेतलेल्या या धड्याला तीन टप्पे आहेत. समजा रंग शिकवायचेत. पहिल्या टप्प्यात दोनच रंग दाखवायचे, हा लाल, हा निळा. दुसऱ्या टप्प्यात मागायचं, लाल दे, निळा दे. तिसऱ्या टप्प्यात बोट ठेवून विचारायचं, हा कोणता.

वाचायला फारच बाळबोध वाटतं. पण यातली खरी हुशारी पुढं आहे. समजा लाल मागितल्यावर मुलानं निळा दिला. नेहमीच्या शाळेत काय होतं? चूक सांगितली जाते, परत विचारलं जातं, वर्ग हसतो. मॉन्टेसरींचा नियम असा की चूक दाखवायची नाही, परत परत विचारायचं नाही. हसून धडा तिथंच थांबवायचा. मूल अजून तयार नव्हतं आणि आपण घाई केली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे मुलाच्या चुकीची नोंद मुलाच्या नावावर न पडता शिक्षकाच्या अंदाजावर पडते. काही दिवसांनी परत बसायचं.

यासाठी शिक्षकाला प्रत्येक मूल कुठं पोचलंय हे रोज बघून लिहून ठेवावं लागतं. बाईंच्या मते शिक्षकाची तयारी म्हणजे उद्या काय बोलायचं याची यादी नव्हती. आज कोण कशात अडकलं, कोण कशाला कंटाळलं आणि कुणाला पुढची वस्तू दाखवायची वेळ आली, याची नोंद होती.

दुसरी गोष्ट, वर्ग एका वयाचा ठेवायचा नाही. तीन ते सहाची सगळी पोरं एकत्र. आपल्याला हे गैरसोयीचं वाटतं. पण एका वयाच्या वर्गात मागं पडलेलं मूल लगेच उठून दिसतं, कारण सगळ्यांनी एकाच जागी असणं अपेक्षित असतं. मिसळीच्या वर्गात कुणीच एका जागी नसतं, त्यामुळं कोण मागं कोण पुढं हे मोजायला पट्टीच राहत नाही. मोठं पोरगं लहान्याला बुटाची नाडी बांधायला शिकवतं आणि शिकवता शिकवता त्याचं स्वतःचं पक्कं होतं. आणि प्रत्येक वस्तू वर्गात एकच ठेवायची. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं.

तिसरी गोष्ट साहित्याची, आणि ही सगळ्यात भारी आहे.

पुढच्या काळात आलेलं एक साहित्य म्हणजे एक लाकडी डबा. आत आठ ठोकळे. एक लाल घन, एक निळा घन आणि लाल-काळे, निळे-काळे असे सहा चपटे-लांबट ठोकळे. सगळे नीट लावले की एक मोठा घन होतो. चार वर्षांच्या पोराला ते कोडं वाटतं. रंगाला रंग जुळवत ते लावतं, काढतं, परत लावतं. तोच डबा मोठ्या वयाच्या मुलाच्या हातात गेला की तो बीजगणिताचा धडा होतो. लाल घन म्हणजे अ चा घन, निळा म्हणजे ब चा घन आणि मधले सहा म्हणजे अ अधिक ब च्या घनाच्या सूत्रातली मधली दोन पदं. आपण नववीत जे सूत्र घोकून पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो, तेच.

ढ मुलांना सोपा पेपर आणि हुशार मुलांना अवघड पेपर असे दोन पेपर काढायची गरज इथं पडत नाही. डबा एकच. ज्याचा हात जिथवर पोचेल तिथवर तो जातो.

सगळ्यांनी मिळून करायची एक गोष्टही होती. एकदा बाई चार महिन्यांच्या एका बाळाला वर्गात घेऊन आल्या आणि हे बाळ बघा किती शांत आहे, तुम्हाला इतकं शांत बसता येतं का, असं मुलांना आव्हान दिलं. पोरं श्वास रोखून बसली. त्यातून शांततेचा खेळ तयार झाला. तो हुशार पोराला आणि मागं पडलेल्या पोराला सारखाच अवघड असतो.

१९०७ संपता संपता सान लोरेन्झोची चार-पाच वर्षांची पोरं लिहायला लागली. गच्चीवर बसलेल्या एका मुलानं खडूनं जमिनीवर धुराड्यासाठीचा शब्द लिहिला आणि मग बाकीच्यांनी फरशी, भिंत, दार, जे मिळेल त्यावर लिहायचा सपाटा लावला. भिंती वाचवायला निघालेल्या शाळेत पोरं भिंतींवर लिहायला लागली.

१९०९ मध्ये बाईंचं पुस्तक आलं आणि जगभरातून लोक ही शाळा बघायला यायला लागले. १९१३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांना ऐकायला गर्दी उसळली. त्याच सुमारास, आई वारल्यानंतर, त्यांनी १५ वर्षांच्या मारिओला घरी आणलं. जगाला सांगताना पुतण्या म्हणून सांगितलं.

टीकाही झाली. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९१४ मध्ये पुस्तक लिहून पद्धतीची चिरफाड केली. वस्तू ठरलेल्या, त्या वापरायची रीत ठरलेली, मग मुलाच्या कल्पनाशक्तीला जागा कुठं, हा त्यांचा एक मुद्दा होता आणि तो अगदीच खोटा नाही. बाईंचा हट्टी स्वभाव त्यात भर घालायचा. शिक्षकांचं ट्रेनिंग त्यांनी बरीच वर्षं आपल्याच हातात ठेवलं, साहित्य अगदी मापात हवं असायचं. त्यामुळं गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत हळूहळू महाग होत गेली.

आणखी एक डाग आहे. १९२४ पासून मुसोलिनीच्या सरकारनं त्यांच्या शाळांना पाठबळ दिलं आणि बाईंनी ते घेतलं. स्वातंत्र्याची भाषा करणारी बाई आणि हुकूमशहा हे जमणार कसं? दहा वर्षांत फाटलं. इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या, जर्मनीत हिटलरच्या राजवटीनं केल्या. बाई बार्सिलोनाला होत्या, तिथं १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं. तिथून हॉलंड. आणि तिथून १९३९ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, मद्रास.

अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत जॉर्ज अरुंडेल आणि रुक्मिणीदेवी यांनी त्यांना बोलावलं होतं. पहिल्याच कोर्सला देशभरातून सुमारे ३०० शिक्षक आले. बाई इटालियनमध्ये बोलायच्या आणि मारिओ इंग्रजीत सांगायचे. येताना काही महिन्यांचा बेत होता. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि एका रात्रीत हे दोघं ब्रिटिशांचे शत्रू झाले. बाईंना अड्यारच्या आवारातच राहायची ताकीद मिळाली. मारिओंना उचलून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगरला, छावणीत डांबलं.

जन्मल्यावर ज्याला दूर ठेवलं तो मुलगा परत एकदा दूर गेला. या वेळी बाई सत्तरीला टेकल्या होत्या.

३१ ऑगस्ट १९४० ला त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून सरकार त्यांचा मुलगा त्यांना परत देत होतं. पुतण्या नाही, दत्तक नाही. सरकारी कागदावर मुलगा असं लिहून आलं होतं.

पुढची वर्षं दोघं एकत्र राहिले. १९४२ ते ४४ कोडाईकनालला होते. तिथं निरनिराळ्या वयाची, निरनिराळ्या भाषांची पोरं एकत्र घेऊन त्यांनी सहा ते बारा वयाच्या अभ्यासाचं काम केलं. भारतात त्यांच्या हाताखाली हजारापेक्षा जास्त शिक्षक तयार झाले.

बाई यायच्या कितीतरी आधी त्यांची पद्धत मात्र इथं पोचली होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला ती सुरू केली होती, १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण मुंबईतल्या मध्यमवर्गाच्या पोरांपुरतं हे राहतंय ही बोच त्यांना होती. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये.

तिथं मॉन्टेसरींचं महागडं साहित्य परवडणार कुणाला? मग बिया, पानं, शंख-शिंपले, माती, बांबू यांचं साहित्य झालं. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर जो अंगणवाडी शब्द चालतो त्याची कल्पना ताराबाईंची. मोठी पोरं गुरं राखायला जातात, वर्गाला येणार कशी? तर गुरं चरतात त्या कुरणात शाळा भरली, तिला कुरणशाळा म्हणायचे. धाकट्या भावंडाला काखेत घेऊन येणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका ठिकाणी आणली. सान लोरेन्झोत जे मुद्दाम ठरवून केलं होतं, तीन वर्षांचं आणि सहा वर्षांचं पोर एका खोलीत, ते कोसबाडला आपोआप झालं.

मॉन्टेसरी १९४९ मध्ये भारतातून कायमच्या युरोपला परतल्या. १९४९, ५० आणि ५१ असं तीनदा त्यांचं नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी गेलं, मिळालं नाही. इटलीनं नंतर त्यांना १००० लिराच्या नोटेवर बसवलं, युरो येईपर्यंत ती नोट चालली.

६ मे १९५२ ला त्या हॉलंडमधल्या नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी होत्या. वय ८१. आफ्रिकेत शिक्षकांचं ट्रेनिंग घ्यायला जायचा विषय मारिओंशी चालला होता. या वयात तिथला उन्हाळा झेपणार नाही असं मारिओंचं म्हणणं होतं, बाईंना जायचं होतं. त्याच दिवशी त्या गेल्या. पुरलंही तिथंच, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, जिथं मरण येईल तिथं.

त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. आपलं जे काही होतं ते सगळं त्यांनी मारिओंना दिलं होतं. आणि त्या कागदात मारिओंचं नातं मुलगा असं लिहिलेलं होतं.